वर्क ऑर्डरनंतर काम बदललं, तर जादा पैसे कुठल्या दराने?

प्रश्न : भुदरगड तालुक्यात बी-१ निविदेवर (सार्वजनिक बांधकाम विभागाचा टक्केवारी दराचा नमुना) गटारीचं काम घेतलंय, १२ टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकी दरापेक्षा तेवढं कमी. निविदेत कठीण खडकातली खोदाई ४०० घनमीटर धरली होती, प्रत्यक्षात ७०० निघाली. कार्यालय म्हणतं, जादा ३०० घनमीटरलाही जुनाच दर मिळेल. हे बरोबर आहे का?
– एक ठेकेदार, गारगोटी

उत्तर : अर्धं बरोबर आहे. निविदेतलं परिमाण अंदाजे असतं हे बी-१ च्या क्लॉज ३८ मध्येच लिहिलेलं आहे. एखाद्या बाबीचं परिमाण २५ टक्क्यांपर्यंत वाढलं तर दराबद्दल तक्रार करता येत नाही. त्यापुढचं जादा काम निविदा दराने ५,००० रुपयांहून अधिकचं असेल, तर मात्र त्या भागाचा दर नव्याने काढावा लागतो. हे २५ टक्के एकूण निविदेवर नाही, एकेका बाबीवर मोजायचे. ‘एकूण काम तर वाढलं नाही’ असं सांगून तुमची बोळवण होत असेल, तर क्लॉज काढून समोर ठेवा.

आता हिशेब. दर उदाहरणापुरते आहेत, तुमच्या निविदेतले घाला. समजा अंदाजपत्रकी दर ५०० रुपये होता. १२ टक्के बिलो म्हणजे ४४०. चारशेचे सव्वापट ५००, म्हणून पहिले ५०० घनमीटर ४४० ने : २,२०,००० रुपये. उरलेले २०० घनमीटर काम ज्या वेळी झालं त्या वेळच्या चालू दरसूचीने. तो दर ५६० असेल तर त्यातूनही १२ टक्के वजा, म्हणजे ४९२ रुपये ८० पैसे. त्याचे ९८,५६० रुपये. एकूण ३,१८,५६०. सरसकट जुन्या दराने ३,०८,००० झाले असते. नेमकी इथे बिलं परत येतात : ठेकेदार नव्या दरसूचीचे ५६० लावतो आणि बिलो विसरतो. बिलो जादा कामालाही चिकटूनच येतं. दरसूचीत ती बाबच नसेल तर बाजारभाव, पण टक्केवारी तीच. आणि चालू दरसूचीत दर उतरला असेल तर क्लॉज तुमच्या विरुद्धही चालतो.

हे सगळं २५ टक्क्यांपुढच्या कामाचा लेखी आदेश असेल तरच. तो आधी घ्या. खरं भांडण बहुतेक वेळा दराचं नसतं, थराचं असतं. मऊ खडक कुठे संपला आणि कठीण कुठे लागला, हे काँक्रीट पडल्यावर कोण सांगणार? प्रत्येक साखळीला (ठरावीक अंतरावरच्या खुणेला) लेव्हल, शाखा अभियंत्याबरोबर संयुक्त मोजणी, मोजमाप पुस्तिकेत त्याच आठवड्यात नोंद, आणि स्टाफ (मोजणीची उभी पट्टी) धरून काढलेले फोटो. खर्च मूळ प्रशासकीय मान्यतेपुढे जात असेल तर सुप्रमा (सुधारित प्रशासकीय मान्यता) लागेल. ती मुंबईला गेली की बिल लटकतं, म्हणून कार्यालयाला वाढीचं पत्र निम्म्या खोदाईलाच द्या.

प्रश्न : साहेबांनी साइटवर येऊन तोंडी सांगितलं म्हणून निविदेत नसलेली नळमोरी बांधली. आता बिलात घेत नाहीत.
– करवीर तालुक्यातून

उत्तर : ही ‘एक्सेस’ (निविदेतल्याच बाबीचं जादा परिमाण) नव्हे, ‘एक्स्ट्रा आयटेम’ (निविदेत नसलेली बाब). म्हणून क्लॉज ३८ नाही, १४. बदलाचा आदेश लेखी हवा. निविदेत दर नसेल तर विभागाच्या दरसूचीतला किंवा परस्पर ठरलेला, दोन्हींतला कमी तो मिळतो. दर ठरण्याआधीच काम सांगितलं, तर आदेश मिळाल्यापासून ७ दिवसांत आपला दर लेखी कळवायचा. न कळवता काम सुरू केलं, तर अभियंता ठरवील तो दर. मग ईआयआरएल (जादा बाबींची दरयादी) मंजूर होते आणि त्यानंतरच बिल.

लेखी काहीच नसेल तर उरतो भारतीय करार कायदा, १८७२ चा कलम ७०. फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा फायदा समोरच्याने घेतला, तर भरपाई द्यावी लागते. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रीतसर करार नसतानाही ठेकेदाराला याच कलमाखाली पैसे मिळवून दिले. पण कोर्टाची पायरी चढायची म्हणजे वर्षं जातात. त्याआधी, नळमोरीतून पाणी वाहतंय तोवर, संयुक्त पाहणीची मागणी नोंदवून पोच घ्या.

काम महापालिकेचं असेल तर आणखी एक गाठ आहे. महापालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ७३ मधल्या मंजुरीच्या तरतुदी मूळ कराराला जशा लागतात, तशाच त्यातल्या बदलालाही. उपअभियंत्याचा होकार म्हणजे स्थायी समितीची मान्यता नव्हे.

मुदतीचं विसरू नका. ६० लाखांच्या, १० महिन्यांच्या कामात ६ लाखांची भर पडली तर क्लॉज १४ च्या प्रमाणात एक महिना वाढतो. अडथळ्यामुळे मुदतवाढ हवी असेल तर मात्र क्लॉज ६ खाली अर्ज, कारण घडल्यापासून ३० दिवसांत किंवा मुदत संपण्याआधी, जे आधी येईल तेव्हा. पंचगंगेच्या पुराचा अर्ज दिवाळीत देणारे दरवर्षी भेटतात.

प्रश्न : ठेका दिल्यावर काम बदललं तर युरोपात नियम वेगळे आहेत का?
– विधी शाखेची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आपल्याकडे बरंचसं कराराच्या क्लॉजवर चालतं, तिथे थेट कायद्यात आहे. २००८ च्या ‘प्रेसटेक्स्ट’ निकालात युरोपीय न्यायालयाने कसोटी दिली : ही अट मूळ निविदेत असती तर दुसरे बोलीदार आले असते का, किंवा दुसऱ्याची बोली स्वीकारली गेली असती का? तसं असेल तर बदल ‘मूलभूत’, आणि नवी निविदा. ही कसोटी युरोपीय संघाच्या सार्वजनिक खरेदीवरच्या, २०१४ च्या २४ क्रमांकाच्या निर्देशात कलम ७२ मध्ये आली. नव्या निविदेशिवाय चालणाऱ्या छोट्या बदलाची मर्यादा माल-सेवांना १० टक्के, बांधकामाला १५; शिवाय बदलाची रक्कम युरोपीय उंबरठ्याखाली (ज्या रकमेपासून हे निर्देश लागू होतात तिच्याखाली) हवी आणि कराराचं एकूण स्वरूप तेच राहायला हवं. अनपेक्षित परिस्थितीत किंवा ठेकेदार बदलणं शक्यच नसताना, मूळ किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत. अभ्यासाला ही कसोटी इथेही लावून बघा : १२ टक्के बिलोपुढे हरलेल्या दुसऱ्या ठेकेदाराला ७०० घनमीटर खडक आधी ठाऊक असता, तर त्याने काय दर भरला असता?

प्रश्न : जेमवरून (सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवरून) १२० बाक मागवले, पुरवठ्याची मुदत ४५ दिवस. आणखी ४० हवेत. त्याच पुरवठादाराला सांगू का?
– एका शाळेतून

उत्तर : बोलीत ऑप्शन क्लॉज घातला होता का, ते आधी पाहा. असेल तर करार चालू असताना २५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३० बाक, त्याच दराने वाढवता येतात. वाढीव मुदत प्रमाणात सव्वाअकरा दिवस येते, पण किमान ३० दिवस द्यावे लागतात, तेही मूळ मुदतीच्या शेवटच्या दिवसापासून. उरलेल्या १० बाकांची खरेदी वेगळी. आणि लाकडी बाकाऐवजी ‘त्याच पैशात स्टीलचे द्या’ असं पुरवठादाराशी फोनवर ठरवू नका. ती वस्तूच वेगळी होते, आणि लेखापरीक्षणात आक्षेप मुख्याध्यापकांच्या नावावर निघतो.