मॅनेजमेंट सीट, स्कॉलरशिप आणि उसाचं बिल

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी सायन्समधून पीयूसी म्हणजे बारावी झाली, कर्नाटक सीईटीची रँक मध्यम, गाव खानापूर तालुक्यात, चार एकर शेती. बेळगावात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर सायन्स मिळतंय आणि ‘पहिल्या वर्षाची फी कशीही भरू, पुढची स्कॉलरशिपमधून निघेल’ असा तुमचा बेत आहे. मला त्या ‘निघेल’बद्दलच बोलायचंय.

फी आधी खिशातून जाते, स्कॉलरशिप मागून येते. आमच्या मुलीचं सांगतो. एसएसपी म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज वेळेत भरला होता. पण मार्क्स कार्डावर आडनाव आधी आणि पुढे नुसती इनिशियल, आधारवर पूर्ण नाव, आणि नाडकचेरीच्या (महसूल कार्यालयाच्या) जात-उत्पन्न दाखल्यावर कन्नडातून उतरलेलं तिसरंच स्पेलिंग. तीन कागदांवर तीन मुली! दुरुस्त्यांमध्ये अर्धं वर्ष गेलं. मग मंजुरी दिसली, पण पैसे खात्यात नाहीत. बँकेत गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, “पैसे आल्यात की वो काका, तुम्हीच दुसरीकडं हुडकूलासा.” तिचं आधार आठवीत शाळेनं उघडून दिलेल्या जुन्या खात्याला जोडलेलं होतं, पैसे तिथं जाऊन बसले होते. म्हणून आज पहिलं काम हे करा, की मुलीच्या आधारला कोणतं खातं जोडलंय ते बँकेत जाऊन बघा आणि तिन्ही कागदांवरचं नाव अक्षरानं अक्षर जुळवा.

आता मॅनेजमेंट सीटचं. सीईटीतून जाणाऱ्यांसाठी एसएनक्यू (सुपरन्यूमररी कोटा) म्हणून सोय आहे. मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, ट्यूशन फी माफ. बाकीची फी भरावीच लागते, तरी मोठा भार उतरतो. ही सोय मॅनेजमेंट सीटला नाही. केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्ज योजनेतली व्याजाची सवलतही निवडक संस्थांनाच आहे आणि मॅनेजमेंट कोटा तिथं चालत नाही. म्हणजे महाग दारातून आत गेलात की स्वस्त दारं आपोआप बंद. माझ्या मते सरकारी कोट्यातून इलेक्ट्रॉनिक्स मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. कॉम्प्युटरचा हट्ट मुलीचा आहे की पाहुण्यांचा, हेही एकदा घरात विचारा.

कर्ज वाईट नाही, पण आकडा कागदावर मांडून घ्या. दरवर्षी १ लाख असं चार वर्षं उचललं, व्याज १० टक्के धरलं आणि शिक्षणानंतर एक वर्ष सवलतीचं (हप्ता नाही, पण व्याज चढतं), तर पहिल्या लाखावर पाच वर्षांचं व्याज ५० हजार, पुढच्यांवर ४०, ३०, २०. हप्ता सुरू होईल त्या दिवशी ४ लाखांचे ५ लाख ४० हजार झालेले असतात. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला जवळपास ९ हजार. ४ लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, साडेसात लाखांच्या वर मागते. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेज नॅक किंवा कोर्स एनबीए (दोन्ही दर्जा तपासणाऱ्या संस्था) मान्यतेचा असेल, तर शिकत असतानाचं व्याज केंद्र भरतं, ती सीएसआयएस (सेंट्रल सेक्टर इंटरेस्ट सबसिडी) योजना बँकेत नाव घेऊन विचारा. पतसंस्थेच्या कर्जाला ती मिळत नाही. सोनं गहाण टाकून फी भरणारे आमच्या गल्लीतच तिघं आहेत, त्यांना ही योजना माहीतच नव्हती. आणि सहकर्जदार तुम्हीच असणार, तेव्हा पीककर्ज थकवू नका.

आणखी एक. फी मागतात गणपतीच्या तोंडावर, उसाचं बिल येतं हंगाम सुरू झाल्यावर. मधले तीन-चार महिने कशावर काढणार, ते आत्ताच ठरवा. नाहीतर हातउसने ठरलेले.

जमेची बाजूही आहे. ‘शक्ती’ योजनेमुळे जून २०२३ पासून मुलींना राज्यातल्या साध्या सरकारी बसनं फुकट जाता येतं. खानापूरहून बेळगाव २५-२६ किलोमीटर, म्हणजे होस्टेल टळलं.

कोल्हापूर-सांगलीचा विचारही सोडू नका. दहावी किंवा बारावी सीमाभागातून झालेली आणि मातृभाषा मराठी असेल, तर महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशात ‘टाइप ई’मधून राज्याचा उमेदवार धरतात. त्यासाठी महाराष्ट्राची सीईटी दिलेली हवी, सीमाभागाचा आणि मातृभाषेचा असे दाखले लागतात. पण तिथं आपला कर्नाटकचा जातीचा दाखला आरक्षणाला चालत नाही, ‘शक्ती’ही नाही आणि होस्टेल आलंच. प्रवेश मिळाला म्हणजे फी-सवलत मिळाली असं नसतं, तिथल्या स्कॉलरशिपच्या टेबलावर आधी विचारून घ्या.

मॅनेजमेंटवाल्यांनी सीट धरून ठेवायला पैसे मागितले असतील तर थांबा. सीईटीची फेरी लागली तर ते परत मिळतील का, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. तोंडी ‘बघू की’ म्हणाले तर पैसे देऊ नका. रँकचा आकडा आणि घरचं वर्षाचं उत्पन्न इथं लिहा, पसंतीक्रम कसा भरायचा ते सांगतो.