मालवण, सिंधुदुर्ग किल्ला यांच्या मराठी विकिपीडियावरच्या लेखांत कोणीही काहीही बदलतं. लक्ष कसं ठेवायचं?

‘अलीकडील बदल’ या पानावर सगळ्याच लेखांतले बदल दिसतात; ते अख्खं चाळत बसू नका, डोळे जातील. खातं काढा, आपल्या भागातले लेख उघडून वरच्या चांदणीवर टिचकी मारा. त्यांतले बदल मग तुमच्या निरीक्षणसूचीत येत राहतात.

प्रत्येक बदलाशेजारी एक आकडा असतो, तो बाइटचा, म्हणजे मजकूर किती वाढला किंवा घटला त्याचं माप. देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे +३ दिसलं की बहुधा एखादी वेलांटी किंवा अनुस्वार. लोक मोठे उणे आकडे बघून धावतात, पण खरी खोडी शून्यात लपते. सिंधुदुर्गाच्या पायाभरणीचं १६६४ कोणी १६५४ केलं, तर फरक ० दिसतो! म्हणून शून्यवाले बदल उघडून बघाच.

शिवीगाळ, मोडतोड असेल तर बदल सरळ परतवा, म्हणजे लेख आधीसारखा करा. जंजिऱ्याच्या लेखात कोणी ऐकीव दंतकथा घातली असेल तर मात्र दमानं घ्या. असा माणूस बहुतेकदा तिथलाच, हौशी असतो. लेखाच्या चर्चा पानावर संदर्भ मागा आणि परतवलंत तर कारण लिहा. नुसतं परतवलं की चिडून पुन्हा तेच घालतात.