भर उन्हात सोलर बंद का पडतो? (गुहागर तालुका, 3 किलोवॉट)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: छतावर 3 किलोवॉटचा सोलर आहे, सकाळी छान चालतो, पण 11 ते 2 या वेळात इन्व्हर्टर (पॅनेलच्या डीसी विजेची घरात चालणारी एसी वीज करणारं यंत्र) ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’, म्हणजे लाईनीचं व्होल्टेज जास्त, असं दाखवून सारखा बंद पडतो. पोल घरापासून 60 मीटरवर आहे, सर्व्हिस वायर (पोलपासून मीटरपर्यंतची) जुनी, 4 एमएमची (म्हणजे 4 चौरस मिमी छेदाची) अ‍ॅल्युमिनियमची. इन्स्टॉलर म्हणतो, किती व्होल्टेजला बंद पडायचं ती सेटिंग वाढवून देतो. शिवाय लाईट गेली की सोलरही जातो, तो का?

आधी एक नक्की सांगतो, सेटिंग वाढवू देऊ नका. तुमचे पॅनेल आणि इन्व्हर्टर दोन्ही बहुतेक ठणठणीत आहेत. दुखणं वायरीत आहे.

वीज घरातून पोलकडे ढकलायची तर इन्व्हर्टरला पोलपेक्षा जास्त व्होल्टेज तयार करावं लागतं. किती जास्त, ते वायरीच्या रेझिस्टन्सवर ठरतं. 3 किलोवॉट म्हणजे साधारण 13 अँपिअर. 4 एमएम अ‍ॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे 7.4 ओहम. फेज आणि न्यूट्रल मिळून तुमची वायर 120 मीटर, म्हणजे जवळजवळ 0.9 ओहम. गुणिले 13, झाले साडेअकरा व्होल्ट. मीटरपासून छतावरच्या इन्व्हर्टरपर्यंत अडीच एमएम तांब्याची 20 मीटर केबल असेल तर आणखी चार व्होल्ट. पोलवर 243 असेल तर इन्व्हर्टरला 258 दिसतात. नियमाप्रमाणे 230 च्या 110 टक्के, म्हणजे 253 च्या वर गेलं की त्याने दोन सेकंदांत लाईनीपासून सुटायलाच हवं.

दुपारी इन्व्हर्टरच्या स्क्रीनसमोर दहा मिनिटं उभे राहा. 246, 249, 252, 254, मग ‘टक्’ असा रिलेचा (आतल्या आपोआप चालणाऱ्या स्विचचा) आवाज आणि आकडा एकदम 243. किमान एक मिनिट तो ग्रिड न्याहाळतो, पुन्हा जोडला जातो, पुन्हा चढतो, पुन्हा सुटतो. हे असंच दिसलं तर निदान पक्कं. या खेळात दिवसाचे पाच-सहा युनिट सहज बुडतात, कारण नेमकी सर्वांत जास्त उत्पादनाची वेळ हातची जाते.

पोलवरच मुळात 243 का, तर कोकणातल्या वाड्या विखुरलेल्या आणि 11 केव्हीच्या लाईनी लांबलचक. संध्याकाळी शेवटच्या घराला पुरेसं व्होल्टेज मिळावं म्हणून ते लाईनीच्या सुरुवातीला चढं ठेवलं जातं. दुपारी निम्मी घरं चाकरमान्यांची, कुलूपबंद. लोड नाही, म्हणून व्होल्टेज वरच राहतं. गणपतीत किंवा शिमग्याला घरं भरली की हाच तुमचा इन्व्हर्टर कदाचित न कुरकुरता चालेल.

आता तपासणी. पोलवर चढायची गरज नाही. दुपारी इन्व्हर्टरचा एसी एमसीबी (एसी बाजूचा ट्रिप स्विच) आणि घरातला सगळा लोड बंद करा. वायरीतून करंटच जात नसला की मीटरपाशी जे व्होल्टेज दिसेल तेच पोलवरचं. मग इन्व्हर्टर चालू करून मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी एकाच वेळी वाचा. पोल ते मीटर किती चढलं आणि मीटर ते इन्व्हर्टर किती, हे वेगवेगळं कळतं. मीटरपाशी उघड्या टर्मिनलवर हे वायरमनकडूनच करून घ्या, मीटरचं सील तोडू नका.

नंतर 2 किलोवॉटचा गीझर लावून बघा. त्याला लागणारे आठ-नऊ अँपिअर घरातच खपतात, पोलकडे चारच जातात, आणि इन्व्हर्टर 251 च्या आसपास टिकून राहतो. दुरुस्ती होईपर्यंतचा उपायही हाच: पंप, वॉशिंग मशीन, पाणी तापवणं सगळं 11 ते 2 मध्ये उरका.

एका गोष्टीकडे जरा बारकाईने बघा. गणित साडेअकराचं सांगतं आणि मोजल्यावर वीस-बावीस व्होल्टचा फरक येतो, तर वायर नाही, जॉइंट खराब आहे. खाऱ्या हवेत तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम नुसते पिळून जोडले की अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, जॉइंट तापतो, टेप काळी पडते. न्यूट्रलचा जॉइंट असा गेला तर धोका मोठा. थ्री फेजच्या घरात एका फेजवर 190 आणि दुसऱ्यावर 270 होऊ शकतं, फ्रिज आणि टीव्ही जळतात. असं काही दिसलं तर सोलर बाजूला ठेवा, आधी मेन बंद करून लाईनमनला बोलवा. जोडताना बायमेटॅलिक लग (तांबं-अॅल्युमिनियम जोडायचं खास टोक), क्रिम्पिंग (ते दाबून पक्कं करणं) आणि ग्रीस हवंच.

दुरुस्ती स्वस्तापासून सुरू करा. सिंगल फेज असेल तर लाईनमनला विचारा, जास्त लोडच्या फेजवर टाकता येईल का. तिथे व्होल्टेज मुळातच कमी असतं. मग छतावरचा इन्व्हर्टर मीटरशेजारी सावलीत आणा. पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची डीसी केबल लांबली तरी त्यातल्या व्होल्टेजच्या घटीने इन्व्हर्टर सुटत नाही. जागा हलवता येत नसेल तर इन्व्हर्टर ते मीटर ही केबल अडीचऐवजी 6 एमएम करा, चार व्होल्टचे दीड होतात. शेवटी सर्व्हिस वायर 16 एमएम अ‍ॅल्युमिनियमची करून घ्या, साडेअकराचे तीन होतात. एकूण 248 च्या आत. इन्व्हर्टरमध्ये व्होल्ट-वॉटची सोय असेल तर तीही चालू करून घ्या. तो एकदम सुटण्याऐवजी उत्पादन थोडं कमी करतो.

सेटिंग 253 वरून 270 केली तर इन्व्हर्टर चालेल, पण ते चढलेलं व्होल्टेज तुमच्या फ्रिजलाही मिळेल आणि काही प्रमाणात शेजाऱ्यालाही. हा आकडा फुगवून देणाऱ्या इन्स्टॉलरवर माझा विश्वास बसत नाही.

छतावरच्या सोलरसाठी 2024 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000, असं जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान मिळतं. ते छतावरच्या किलोवॉटवर मोजलं जातं, पोलपासूनच्या वायरीवर नाही. वाडीत पहिलं घर निभावून जातं, एकाच फेजवर पाचवं-सहावं आलं की सगळेच अडकतात. म्हणून अर्जासोबत सर्व्हिस वायरची जाडी, लांबी आणि दुपारचं व्होल्टेज लिहून घेणं सक्तीचं व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

लाईट गेल्यावर सोलर बंद होतो तो दोष नाही. झाड पडून तार तुटलेली असताना तुमची वीज उलटी लाईनीत गेली तर खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव जाईल, म्हणून ही सोय सक्तीची आहे. पावसाळ्यात वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (बॅटरीवरही चालणारा) आणि बॅटरी लागेल, आणि पंखे, दिवे, फ्रिज यांचं वायरिंग वेगळं काढावं लागेल. गीझर आणि पंप त्यावर नकोत.

पोलवरच 250 च्या वर दिसत असेल तर तुमच्या वायरीने काही साधणार नाही. सकाळी 7, दुपारी 12 आणि रात्री 9 असे आठ दिवसांचे आकडे तारखेसह लिहा, महावितरणच्या 1912 वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, आणि तेच आकडे लेखी अर्जाने सेक्शन ऑफिसला द्या, पोच घ्या. अर्जात ‘सोलर चालत नाही’ असं लिहू नका. ‘इन्व्हर्टर बंद असताना पुरवठ्याचं व्होल्टेज जास्त येतं’ असं लिहा. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचात हीच पोच कामाला येते.