मारुती कुठवर, आणि अण्णांची लूना

तुम्ही विचारलंय की नोकरी, स्वयंपाक, पोरांचे अभ्यास, म्हाताऱ्यांची औषधं यात रोज तेच ते चालू असतं, मग लोक त्यातून आनंद कुठून काढतात, आणि देवावर श्रद्धा असली की खरंच काही फरक पडतो का. आनंद कसा काढायचा हे मला माहीत नाही. पण 'रोज तेच ते' या तक्रारीला माझी हरकत आहे. आमच्या घरातला एकही विनोद नवा नाही. सगळे दहा-दहा वर्षं जुने आहेत आणि रोज तेच ते होतं म्हणूनच ते अजून चालतात.

आम्ही नाशिकला, पंचवटीत राहतो. मी, आमचे हे, दहावीतला मुलगा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजते.

नाशिकबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. इथे गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. गंगेवर रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती आहे, दोन बाजूंना दोन तोंडं असलेली उंच मूर्ती. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गावभर एकच प्रश्न असतो, मारुती कुठवर? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर मारुतीराया पार पाण्याखाली गेला होता. आता किती क्युसेक पाणी सोडलं ते मोबाइलवर येतं, पण सासूबाईंना ते चालत नाही. "क्युसेक राहू दे, मारुती कुठवर ते सांग."

हेच माप आमच्या घरी माझ्या रागाला लावतात. कधी कॅश जुळत नाही, सत्तर रुपयांसाठी तास जातो, साडेआठला घरी यावं तर सिंक भांड्यांनी भरलेलं. मी काही बोलायच्या आत आतून मुलाचा हळू आवाज येतो, "पप्पा, मारुती कुठवर?"

"कमरेपर्यंत. तू भांडी घ्यायला लाग."

सुरुवातीला यावर मी आणखी भडकायचे, की लगेच "छातीपर्यंत!" अशी घोषणा व्हायची. हल्ली मीच चपला काढता काढता सांगून टाकते, "आज गळ्यापर्यंत आहे, कोणी बोलू नका." मग कोणी बोलत नाही. दहा मिनिटांनी समोर चहा येतो. तो चहा चांगला नसतो, आलं जास्त असतं, पण मी तो पिते.

एकदा माझी आणि सासूबाईंची लोणच्याच्या बरणीवरून जुंपली होती. ओला चमचा कोणी घातला, एवढाच विषय. हे पेपरमागे लपून बसलेले. सासूबाई म्हणाल्या, "अरे, तू तरी बोल काहीतरी." पेपर खाली न करता हे म्हणाले, "मारुतीला दोन तोंडं आहेत, आई. मला एकच आहे, आणि त्याला दोघी मारणार." भांडण तिथे मिटलं असं नाही, बरणीवर मी अजून ठाम आहे. पण त्या दिवशी जेवणं वेळेवर झाली.

आता श्रद्धेचं. मी फार देवदेव करणारी नाही. सासूबाई आहेत. संध्याकाळी सातला दिवा लावतात आणि देवाशी मोठ्याने बोलतात, कारण स्वतःला कमी ऐकू येतं म्हणजे देवालाही कमी येत असणार असा त्यांचा हिशेब आहे.

काही वर्षांपूर्वी ह्यांची कंपनी बंद पडली. आठ महिने घरी होते. त्या काळात मारुती कुठवर हे कोणी विचारत नव्हतं. सगळे एकमेकांशी नीट, जपून बोलायचे, आणि त्यानेच घर जास्त उदास व्हायचं. नोकरी हा शब्द कोणी काढत नव्हतं. तो फक्त सातला निघायचा, देवघरातून. "आजही फोन आला नाही हो. तुमचं लक्ष आहे ना?" रोज हेच. आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. एके दिवशी हे मटार सोलत बसले होते, तिथूनच ओरडले, "आई, त्यांना माझा नंबर तरी दे! फोन करणार कुठे?"

सासूबाई खरंच ह्यांचा नंबर पाठ म्हणायला लागल्या. शेवटचे दोन आकडे चुकले, मुलाने दुरुस्त केले. तीन महिन्यांत पहिल्यांदा आम्ही चौघं पोट धरून हसलो आणि त्याच रात्री जेवताना उरलेल्या पैशांचं, क्लासच्या फीचं, सगळं बोलणं झालं. पुढे नोकरी मिळाली ती एका मित्राच्या ओळखीने. सासूबाईंचं म्हणणं, नंबर पोचला.

फरक पडतो का या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. जे घरात कोणी बोलत नव्हतं ते देवाच्या निमित्ताने रोज सातला बोललं जात होतं.

सासऱ्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र हे पुरं होणार नाही. अण्णांचा जीव त्यांच्या लूनावर. १९८९ ची. पायडल मारून सुरू करायची, चढ आला की पुन्हा पायडल. शेवटची काही वर्षं ती जिन्याखाली उभीच होती आणि ती विकायचा विषय निघाला की अण्णा जेवणावरून उठायचे.

ते गेले. दहाव्याला आम्ही गंगेवर. पिंड ठेवला, कठड्यावर कावळे ओळीने बसलेले, पण एक खाली येईना. हात जोडून एकेक जण बोलायला लागला. आईला सांभाळू. नातवाला शिकवू. नणंद रडत म्हणाली, भावाशी कधी भांडणार नाही (हे कोणालाच पटलं नाही, कावळ्यालाही). गुरुजींच्या मागे दुसरं कुटुंब थांबलेलं, त्यांनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात मागून सासूबाईंचा अगदी घरातला आवाज आला, "लूना विकणार नाही हो!"

आणि कावळा उतरला.

नणंदेचं रडणं मध्येच फिस्सकन हसण्यात गेलं. ह्यांचे खांदे हलत होते आणि ते रडतायत की हसतायत हे मला अजून कळलेलं नाही. गुरुजींनी मान खाली घातली ती बराच वेळ वर काढली नाही.

मला विचाराल तर कावळ्याला भूक लागली असेल आणि आम्ही तोवर जरा मागे सरकलो होतो. पण मी हे घरात कधी बोललेले नाही. सत्तर रुपयांसाठी तास घालवणारी बाई मी, ही एक नोंद जुळवायला जात नाही. लूना जिन्याखाली आहे. दसऱ्याला तिला झेंडूची माळ असते, मुलगा दोन-चार पायडल मारून बघतो, धूरसुद्धा येत नाही.

तोच मुलगा आता आजीला मोबाइलवर व्हिडिओ कॉल शिकवतो. शिकवताना आजी त्याला खुर्चीवर बसवते आणि स्वतः पाटावर. कारण विचारलं तर कपालेश्वर सांगते. आमच्या पंचवटीतल्या या शंकराच्या देवळात समोर नंदी नाही. ब्रह्महत्येचं पाप फिटायला रामकुंडात स्नान कर हे शंकराला नंदीने सुचवलं, म्हणून तो गुरू, आणि गुरूला समोर कसं बसवायचं, अशी कथा आहे. पोरगं तेव्हापासून खुर्चीवर जरा जास्तच रेलून बसतं. एकदा शिकवताना वैतागून "आजी, किती वेळा सांगू" म्हणाला, तर उत्तर आलं, "नंदी बोलत नसतो, मान हलवतो."

गेल्या रविवारी गल्लीत भंगारवाला आला. जिन्याखाली वाकून बघितलं आणि मला म्हणाला, "ताई, गाडी द्यायची का? चांगला भाव देतो."

मी काही म्हणायच्या आत वरून गॅलरीतून सासूबाई, "कावळ्याला विचार म्हणावं!"

तो बिचारा लाइटच्या तारेकडे बघत राहिला.