पणजीचं माहेरचं नाव कुठे सापडेल?
(वाचक विचारतात)

गेल्या अंकात मी आमच्या पुण्यातल्या छोट्याशा गटाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. आम्ही बारा-पंधरा जण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतो, आपापल्या घराण्याचे कागद घेऊन येतो, ज्याला मोडी येते तो बाकीच्यांना वाचून दाखवतो, कुणाची वंशावळ अडली असेल तर सगळे मिळून डोकं लावतो, एवढंच. त्यावर इतके मेसेज आले की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्यच नव्हतं, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे घेतेय.

ताई, माझे आजोबा गेल्या वर्षी गेले. पणजोबांच्या मागचं घरात कुणालाच काही माहीत नाही. अ‍ॅप घेऊ, की ती डीएनए टेस्ट करू? सुरुवात नक्की कुठून करायची? (सोलापूर)

टेस्ट राहू दे आत्ता, त्यातून तुला खापरपणजोबांचं नाव कळणार नाही. अ‍ॅप चालेल, फॅमिलीसर्च फुकट आहे, पण तेही नंतर. आधी हे बघ की घरात सगळ्यात वयस्कर कोण आहे. आत्या, आजीची बहीण, वडिलांच्या मामी, गावाकडे राहिलेले चुलत आजोबा, कुणीही, त्यांच्याकडे या महिन्यातच जा. दिवाळीत भेटू म्हणून थांबू नकोस. आमच्या गटातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं, "दोन वर्षं आधी विचारायला हवं होतं."

आणि तिथे जाऊन "आपल्या घराण्याचा इतिहास सांगा" असं म्हणू नकोस, माणूस गप्पच होतो. तुमच्या लग्नात मांडव कुठे घातला होता, पंगतीला कोण वाढत होतं, सुट्टीत कुणाच्या घरी राहायला जायचात, सुतक कुणाकुणाचं पाळायचात, असलं विचार. सुतकाच्या प्रश्नातून तर भाऊबंदकीचा अख्खा नकाशाच मिळतो. फोनवर रेकॉर्डिंग लाव, पण विचारून लाव, आणि जुना अल्बम बरोबर ने, कारण फोटो समोर आला की नावं आपोआप यायला लागतात.

तुमच्याकडे श्राद्धपक्ष होत असेल तर अजून एक जागा आहे. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा आणि आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांची नावं घेतात, शिवाय आईकडचे आजोबा आणि त्यांच्या मागचे दोघे. त्यामुळे बऱ्याच घरांत पंचांगात किंवा देवघराच्या कप्प्यात त्या नावांचा एक चिठोरा असतो आणि त्याची वंशावळ म्हणून कुणाला आठवणही नसते. तो आधी शोध. मग पेटीतल्या जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, खरेदीखतं, शाळेचे दाखले. पत्रिकेवर शालिवाहन शकाचं वर्ष असेल तर त्यात ७८ मिळव, म्हणजे शके १८२० म्हणजे १८९८, फक्त पौष ते फाल्गुनातली तारीख असेल तर बरेचदा ७९ मिळवावे लागतात. जुन्या महसुली कागदावर फसली सन असेल तर साधारण ५९० मिळवायचे.

आमच्या घराण्याची छापील वंशावळ आहे, माझ्या सासऱ्यांनी जपून ठेवलेली. त्यात पुरुषांच्या सात पिढ्या आहेत आणि मुलींच्या जागी "दोन कन्या" एवढंच. माझ्या सासूबाईंचं नाव सासरचं लिहिलंय, माहेरचं आडनाव नाही. मला नवी आवृत्ती काढायची आहे आणि बायकांची नावं शोधायची आहेत. घरातले म्हणतात कशाला, कुठे मिळणार आता. (कोल्हापूर)

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी खरंच उठून बसले. माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, आणि घरच्यांना सांगा की मिळतात, नावं मिळतात.

अडचण कुठे आहे ते आधी बघू. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव तर बदलायचंच, पण कितीतरी घरांत ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहून पाळण्यातलं नावही बदलायचे. म्हणजे एकाच बाईची दोन पूर्ण वेगळी नावं, वर तिला हाक मारायला काकू, वैनी, माई, जिजी हे वेगळंच. आमच्या घरी माझ्या पणजीला सगळे "काकू"च म्हणायचे, अगदी तिची मुलंसुद्धा, आणि ती गेल्यावर चाळीस वर्षांनी मी विचारायला लागले तर तिचं खरं नाव सांगणारं एकही माणूस उरलं नव्हतं. मला ते मिळालं माळ्यावरच्या पितळी घागरीवर. काठाखाली कोरलेलं होतं, माहेरच्या नावाने, मामाकडून आल्याचं, खाली वर्ष. घागर तेवढी वर्षं आमच्याच माळ्यावर होती आणि कुणी उलटी करून बघितली नव्हती. मी त्या दिवशी ती मांडीवर घेऊन किती वेळ बसले होते मला आठवत नाही.

म्हणून पहिलं काम, घरातली जुनी भांडी खाली काढा. तांब्ये, परात, समई, हंडा, डबे. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालायची पद्धत होती, त्यामुळे बाईचं माहेर, मामा, मावशी असं बरंच काही काठावर मिळतं.

दुसरं, जमिनीचे कागद. इथे लोक फक्त सातबारा बघतात आणि परत येतात. तुम्ही फेरफार बघा, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंद, गाव नमुना ६, आणि वारस नोंदींचं रजिस्टर, नमुना ६-क. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीही वारस झाल्या, त्यामुळे त्यानंतर घरातला कर्ता पुरुष गेला असेल तर वारसांच्या यादीत मुलींची नावं सासरच्या आडनावासकट असायला हवीत, बरेचदा सासरचं गावही असतं. आणि मग पुढचा फेरफार येतो तो बहिणींनी हक्क सोडल्याचा. त्या हक्कसोड पत्रावर प्रत्येक बहिणीचं नाव, वय, राहायचं ठिकाण, सही नाहीतर अंगठा. बहिणींनी हक्क सोडला म्हणूनच आज आपल्याला त्यांची नावं सापडतात, हे मला दर वेळी कुठेतरी टोचतं, पण कागद पक्का आहे, तो वापरा. बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार आता आपले अभिलेख या सरकारी साइटवर स्कॅन होऊन आलेत, थोडी फी भरून डाउनलोड होतात, नाही मिळाले तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करायचा. सर्व्हे नंबर आणि जुना गट नंबर आधी काढून न्या, नाहीतर हेलपाटा होतो.

तिसरं म्हणजे शाळा. मुलगी दुसरी-तिसरीपर्यंत जरी शिकली असेल तरी शाळेच्या जनरल रजिस्टरला तिची नोंद असते, लग्नाआधीच्या नावाने आणि वडिलांच्या नावासकट. आणि चौथं, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. यात बाळाचं नाव बरेचदा नसतंच, "अमुकला मुलगी झाली" एवढंच असतं, पण तारीख पक्की मिळते. यातलं बरंच मोडीत आहे. कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हा हेच सगळं दप्तर बाहेर निघालं, कोतवाल बुक, शाळेचं प्रवेश-निर्गम, खासरा पत्रक, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली.

नवी आवृत्ती काढाल तेव्हा माझी एकच विनंती, मुलीची ओळ तिच्या लग्नापाशी थांबवू नका. तिचा नवरा, सासरचं गाव, तिची मुलं, निदान एक पिढी तरी लिहा. आणि सुनेच्या पुढे तिच्या आईवडिलांची नावं. जागा जास्त लागते, छपाईचा खर्च वाढतो, हे मान्य आहे, तरी लिहा.

वडील म्हणायचे त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींकडे आपल्या घराण्याची नावं आहेत. खरंच असतात का? गेलं की लगेच दाखवतात का? (चाळीसगाव)

असतात. नाशिक, त्र्यंबक, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार, सगळीकडे तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, आपल्याकडे नामावळी म्हणतात. यात्रेला गेलेल्या माणसाने स्वतःचं, बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव सांगायचं, बरोबर कोण आलंय ते सांगायचं आणि खाली सही करायची, अशी पद्धत. म्हणून तिथे कधीकधी पणजोबांचं हस्ताक्षर बघायला मिळतं.

जाताना मूळ गाव, आडनाव आणि जात माहीत पाहिजे, कारण यजमान त्यावरूनच वाटलेले असतात. मूळ गाव म्हणजे आत्ता राहता ते नाही, दोन-तीन पिढ्यांपूर्वीचं. आणि तुमचं आडनाव पाटील, कुलकर्णी, देशमुख असं वतनावरून आलेलं असेल तर त्यामागचं जुनं आडनाव घरात कुणाला आठवतं का ते विचारून जा, वहीत ते असू शकतं. गर्दीच्या पर्वात जाऊ नका, निवांत दिवशी जा, आधी फोन करा, आणि निघताना दक्षिणा द्या आणि आपल्या पिढीची नावं घालून या, मुलींची आणि सुनांचीसुद्धा. वही त्यांच्या घरची आहे, पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी सांभाळलीय, फोटो काढायचा तर परवानगी घेऊनच.

चाळीसगावकडे अजून भाट येत असतील तर त्यांनाही विचारा. तिकडे कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेच काम हेळवी करतात, दारोदार येऊन घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात आणि नवीन जन्मलेल्यांची नावं लिहून घेतात. कुणाकडे हेळवी आले तर कृपा करून दारातून परत पाठवू नका.

२०१९ च्या पुरात आमच्या आजोबांची पेटी भिजली. मोडी कागद आहेत, काही एकमेकांना चिकटलेत. लॅमिनेट करून घेऊ का? आणि वाचायचे कुणाकडून? (सांगली)

लॅमिनेशन अजिबात नको! सेलोटेपही नको. एकदा प्लास्टिक चिकटवलं की कागद परत मोकळा होत नाही. चिकटलेले कागद ओढून सोडवायचा प्रयत्न करू नका, ते जाणकाराकडेच न्या. सुटे आहेत त्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, सावलीत, फ्लॅश न वापरता, मग जुन्या धुतलेल्या सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा. पेशवे दफ्तरातले गठ्ठेसुद्धा असेच कापडात बांधलेले, त्यांना रुमालच म्हणतात. ऊन दाखवू नका, शाई उडते. पुण्यात १९६१ च्या पानशेतच्या पुरात पेठांमधल्या कितीतरी घरांतले कागद असेच गेले, त्यामुळे तुमचे वाचलेत याचा मला आनंद आहे.

वाचायचं म्हणाल तर स्वतःच शिका, मी मनापासून सांगते. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापन केलेलं, तिथे मोडीचे वर्ग होतात, इतरही गावांत आणि ऑनलाइन होतात. अक्षरं पंधरा दिवसांत येतात, हाताची वळणं ओळखायला मात्र वर्ष जातं. सुरुवातीला वर "छ" आणि त्यापुढे आकडा दिसला की ती चंद्राची तारीख समजा, पुढे मुसलमानी महिना असतो, आणि सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांवरची एक कालगणना, असेल तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे.

सरकारी पुराभिलेखागारं मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर इथे आहेत. पण सरळच सांगते, घराण्यात वतन किंवा इनाम असेल तरच तिथे जाऊन उपयोग आहे. इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढे इनामदारांना हक्क सिद्ध करायला वंशावळी द्याव्या लागल्या, त्या मिळू शकतात. साध्या शेतकरी घराला फेरफार आणि कोतवाल बुकच जास्त देतील.

आम्ही मॉरिशसचे मराठी. पूर्वज रत्नागिरीकडचे एवढंच ऐकलंय. गाव कसं शोधू? (व्हाकोआ)

तुमचं काम आमच्यापेक्षा सोपं आहे बघा! मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये १८३४ पासून आलेल्या मजुरांची रजिस्टरं आहेत, नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा, जहाज, आणि प्रत्येकाचा नंबर. नंतरच्या काळातले काहींचे फोटोसुद्धा आहेत. घरातल्या जुन्या जन्मदाखल्यावर तो नंबर सापडला तर निम्मं काम झालं. गावाचं नाव कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं असेल, ते मोठ्याने चार वेळा म्हणून बघा आणि आम्हाला जसंच्या तसं पाठवा, आमच्या गटात कोकणातले तिघे आहेत.

आमच्या गावात असा गट काढायचा तर पैसे किती लागतील? नोंदणी करावी लागते का? (बार्शी)

काहीच लागत नाही. चार माणसं, एक खोली, एक वही. आमच्याकडे महिन्याला माणशी वीस रुपये जमा होतात, त्यात चहा आणि झेरॉक्स निघते. कुलमंडळ हे एका आडनावाचं असतं, त्याला देणग्या, पुस्तक, संमेलन असं सगळं लागतं, गावाचा गट वेगळा, त्यात सगळ्या जातीधर्माची माणसं असावीत, कारण एकाच्या फेरफारात दुसऱ्याचा आजा साक्षीदार निघतो.

नियम आम्ही तीनच ठेवलेत. जिवंत माणसाची जन्मतारीख, पत्ता, आधार वगैरे ग्रुपवर टाकायचं नाही. दत्तक, दुसरं लग्न, सोडून गेलेली बाई, आत्महत्या असं काही सापडलं तर आधी त्या घरच्यांना विचारायचं, मगच लिहायचं. आणि ऐकलेलं वेगळं, कागदावरचं वेगळं, दोन रंगांच्या पेनने.

पहिल्या बैठकीला सगळ्यांना घरातलं नाव कोरलेलं एक जुनं भांडं आणायला सांगा.