सॉफ्ट वॉटरला ‘मऊ पाणी’ म्हणायचं का?

रबाळ्याला औषध कंपनीत असलेल्या एका ताईंनी विचारलंय, वॉटर प्लांटला मराठी पाट्या लावायच्यात, तर सॉफ्टनरमधून निघालेल्या पाण्याला काय लिहू, मऊ, मृदू का सरळ शुद्ध?

ताई, शुद्ध तर अजिबात नको. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो, म्हणजे विरघळलेले क्षार जवळपास तेवढेच राहतात, फक्त जात बदलते. आणि औषधवाल्यांकडे प्युरिफाईड वॉटर हे फार्माकोपियातलं, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथातलं नाव आहे, ते पाणी आरओ वगैरेच्याही पुढे मिळतं, सॉफ्टनरच्या पाइपावर ‘शुद्ध’ दिसलं तर ऑडिटर तिथेच खुर्ची टाकून बसेल.

शाळेत आपण हार्ड पाण्याला दुष्फेन आणि सॉफ्टला सुफेन शिकलो. फेन म्हणजे फेस. मला हे शब्द मनापासून आवडतात कारण परीक्षा नावातच आहे, साबणाला फेस न येता नुसता साका धरला की पाणी दुष्फेन! पण प्लांटमध्ये कोण धुणं धुतंय, तिथली काळजी आरओच्या मेंब्रेनवर, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पडद्यावर, क्षार धरतील ही, त्यामुळे शब्द बरोबर असूनही ऑपरेटरला काही सांगत नाही.

घरी आपण डाळ शिजली नाही की ‘पाणी जड आहे’ म्हणतो, टँकरचं किंवा बोअरचं असलं की हमखास. ते मात्र पाटीवर नको, कारण जड पाणी म्हणजे हेवी वॉटर, अणुभट्टीत लागतं ते, त्याचा कारखाना अलिबागजवळ थळला आहे. मृदू चालेल पण ते पुस्तकी, हिंदीतल्या मृदु जलासारखं वाटतं. मऊ म्हटलं की मला भातच आठवतो. मी तर ‘सॉफ्ट पाणी’ लिहीन आणि खाली बारीक अक्षरात ‘कॅल्शियम-मॅग्नेशियम काढलेले’.

तुम्ही विचारलं नाहीत तरी कार्बन फिल्टरच्या पाटीबद्दल सांगतो. धरणाचं पाणी आपल्यापर्यंत क्लोरीन घालून येतं, तो जंतू मारतो पण मेंब्रेनही खातो म्हणून ह्या फिल्टरने आधीच काढावा लागतो, आणि एकदा काढला की तिथून पुढे पाण्याला राखणदार नाही, कार्बनच्या थरातच जंतू वाढायला लागतात. तिथे ‘क्लोरीनमुक्त पाणी’ लिहू नका. मराठीत ‘मुक्त’ हे कौतुक असतं, तंबाखूमुक्त, हागणदारीमुक्त, तसं. मी होतो त्या प्लांटला अशीच पाटी होती, आणि एक हेल्पर रोज तिथल्या सॅम्पलच्या नळावर बाटली भरायचा, का तर ह्या पाण्याला वास येत नाही! ‘क्लोरीन काढलेले, पिऊ नये’ असं लिहा, आणि ‘पिऊ नये’ मोठं.