आईला पार्किन्सन्स आहे. पुण्यातले डॉक्टर नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये घेऊ म्हणतात. गिनिपिग तर करत नाहीत ना?

'गिनिपिग' वाचलं आणि राहवलं नाही. आमचा दादा हाच शब्द मला तीन वर्षं ऐकवतोय.

आम्ही नारायण पेठेत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबांनाही पार्किन्सन्स, तेही अशाच ट्रायलमध्ये होते. त्यांची सिंडोपा, म्हणजे पार्किन्सन्सची नेहमीची गोळी, चालूच होती, सोबत नवी गोळी किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. काही तपासण्या 'ऑफ'मध्ये करायच्या, म्हणजे आदल्या रात्रीपासून सिंडोपा बंद. सकाळी सातला बाबा म्हणजे ओंडका, पाय फरशीला चिकटलेले. "एक-दोन, एक-दोन" म्हणत मी त्यांना जिना उतरवतेय, खाली रिक्षावाला खोळंबलाय, आणि नेमका तेव्हा दादाचा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल: "गिनिपिग केलंस त्यांना!" दवाखान्यात अंगठ्यावर बोट टपटप आपटायला लावायचे, मागून खांदे ओढून तोल बघायचे. मग सिंडोपा दिली की तासाभरात हाच माणूस उठून चहा मागायचा.

चार महिन्यांत बाबा शर्टाची बटणं स्वतः लावायला लागले. शेवटी कळलं, त्यांच्या वाट्याला प्लासिबो आलं होतं. दादाला केवढा आनंद! बाबा म्हणाले, "साखरेच्या गोळीने बटणं लागतात, मग खऱ्या गोळीचं खरं-खोटं कसं ठरवणार रे?" बरोबरच आहे. पार्किन्सन्समध्ये प्लासिबोनेही मेंदूत डोपामिन (या आजारात कमी पडणारं रसायन) सुटतं, हे २००१ साली स्कॅनवर दिसलंय. आणि सिंडोपातली लेव्होडोपा १९६१ साली व्हिएन्नात आधी कुणाला तरी टोचलीच होती. त्यांच्या घरी दादा नव्हता, एवढंच.

तेव्हा घ्या भाग. फक्त ट्रायलचा सीटीआरआय (भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा, २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. संमतीपत्र मराठीत घरी आणून वाचा. इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, ते त्यात असतं. मधेच सोडायची मुभा असते.

हो, एक राहिलं. आईंना नसलेली माणसं दिसत असतील, विसरायला होत असेल, तर आधी सांगा. अशा रुग्णांना बऱ्याच ट्रायलमध्ये घेत नाहीत. आणि रात्री बडबडल्या म्हणून कुणी हॅलोपेरिडॉल (भास, बडबड शांत करायचं औषध) देऊ लागलं, तर पार्किन्सन्स आहे हे ओरडून सांगा. अंग आणखी आखडतं.

बाबांच्या संमतीपत्राचा फोटो मी दादाला तेव्हाच पाठवला होता. सही मुंगीएवढी, पण प्रत्येक पानावर त्यांचीच. त्याने झूमसुद्धा केला नसेल.